वहीत न सापडलेला गायक: सिक्स्टो रॉड्रिगेझ आणि खपाचा आकडा

१९७१ च्या डिसेंबरात, नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना, ससेक्स रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने डेट्रॉइटच्या एका गायकाला मोकळं केलं. दोन वर्षांत त्याचे दोन अल्बम निघाले होते आणि दोन्ही दुकानांत पडून होते. कंपनीच्या गल्ल्यावर बसून पाहिलं तर या निर्णयात खोट काढता येत नाही. स्टुडिओ, वादक, छपाई, लंडनचा प्रवास असा खर्च एका पानावर आणि जमेचं पान जवळजवळ कोरं. कंपनीचे संस्थापक क्लॅरेन्स अव्हंट यांना चाळीस वर्षांनी कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं की अमेरिकेत या अल्बमचा खप किती झाला असेल. त्यांनी उत्तर दिलं: सहा. ही अतिशयोक्ती होती हे उघड आहे, पण माणूस कशाची अतिशयोक्ती करतो त्यावरून मूळ चित्र कळतं.

याच गायकाचा पहिला अल्बम त्या काळात दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या मध्यमवर्गीय तरुणांच्या घरोघरी पोहोचत होता. पुढे तिथे त्याला प्लॅटिनम, म्हणजे मोठ्या खपासाठी दिला जाणारा, दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियात आयात केलेल्या प्रती संपल्या म्हणून एका स्थानिक कंपनीने हक्क विकत घेऊन त्याची गाणी पुन्हा छापली. गायक मात्र डेट्रॉइटमध्ये जुनी घरं पाडण्याची आणि डागडुजीची कामं करत होता. दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या नावाची त्याला १९९७ पर्यंत कल्पना नव्हती.

रेकॉर्डींच्या खपावरून संगीतकाराचं यश मोजावं का, या प्रश्नावर वाद घालताना लोक बहुतेक वेळा आवडीनिवडीवर घसरतात: जे खपतं ते उथळ असतं, किंवा जे खपत नाही ते कुणाला नकोच असतं. रॉड्रिगेझच्या प्रकरणात या दोन्ही भूमिका निकामी होतात, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. एकच अल्बम, तीच बारा गाणी, तोच आवाज. एका देशात शून्याच्या आसपास, दुसऱ्या देशात प्लॅटिनम. गाण्याच्या गुणवत्तेने हा फरक समजावून सांगता येत नाही, कारण गुणवत्ता दोन्हीकडे तीच होती.

माणूस आणि दोन अल्बम

सिक्स्टो डिआझ रॉड्रिगेझ यांचा जन्म १० जुलै १९४२ चा. मेक्सिकोतून आलेल्या कामगार कुटुंबातलं हे सहावं अपत्य, म्हणून नाव सिक्स्टो. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या गरीब वस्त्यांत, बारमध्ये आणि रस्त्यांवर त्यांचं गाणं घडलं. १९६७ मध्ये इम्पॅक्ट नावाच्या छोट्या कंपनीने त्यांची एक सिंगल काढली. तिच्यावर नाव छापलं ‘रॉड रिगेझ’. स्पॅनिश आडनाव मधोमध तोडून ते इंग्रजी कानाला बरं वाटेल असं केलं होतं. बाजारात उतरताना पहिला बदल नावात करावा लागला, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पुढे माइक थिओडोर आणि डेनिस कॉफी या दोघा निर्मात्यांनी त्यांना डेट्रॉइटच्या एका बारमध्ये ऐकलं. कॉफी हे मोटाउन कंपनीच्या अनेक ध्वनिमुद्रणांत वाजवलेले गिटारवादक, म्हणजे कान तयार असलेला माणूस. रॉड्रिगेझ श्रोत्यांकडे पाठ करून गात होते. दोघांनाही शब्दांनी धरून ठेवलं. त्यांनी १९६९ मध्ये डेट्रॉइटमध्येच ध्वनिमुद्रण केलं आणि मार्च १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ बाहेर आला. त्यात अमली पदार्थ विकणारा आहे, निकामी महापौर आहे, वाढते गुन्हे आहेत, कामगार वस्तीतली तुटलेली घरं आहेत. दुसरा अल्बम ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ लंडनमध्ये स्टीव्ह रोलंड यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि १९७१ च्या नोव्हेंबरात आला. पुढच्याच महिन्यात करार संपला.

कंपनीच नालायक होती, असं म्हणून सुटता येत नाही. त्याच ससेक्सने त्याच १९७१ सालात बिल विदर्स यांचा पहिला अल्बम काढला आणि त्यातलं ‘एन्ट नो सनशाइन’ देशभर गाजलं. सुवर्ण दर्जा मिळाला, ग्रॅमी मिळालं. तोच मालक, तीच विक्रीयंत्रणा. मग रॉड्रिगेझ यांच्या बाबतीत काय चुकलं? रेडिओवर गाणी फारशी वाजली नाहीत. आडनावामुळे लोकांनी लॅटिन संगीत समजून बाजूला ठेवलं असावं, असा एक तर्क त्यांच्या ओळखीची माणसं करतात. पाठमोरा गाणारा माणूस दौऱ्यावर नेऊन विकणंही सोपं नसतं. यातलं कुठलं कारण किती भारी ठरलं हे आकडा सांगत नाही. आकडा एवढंच सांगतो की माल उठला नाही.

खप म्हणून नेमकं काय मोजतात

इथे थोडं थांबून यंत्रणा पाहायला हवी, कारण ‘इतक्या लाख प्रती खपल्या’ हे वाक्य आपण फार विश्वासाने वाचतो.

अमेरिकेत सुवर्ण दर्जा देण्याची पद्धत तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५८ मध्ये सुरू केली. सुरुवातीला अल्बमसाठी निकष पैशांचा होता: घाऊक दराने १० लाख डॉलरची विक्री. १९७५ पासून ५ लाख प्रती हा निकष आला आणि १९७६ मध्ये १० लाख प्रतींसाठी प्लॅटिनम दर्जा. या प्रती कोणी मोजल्या? कंपनीने दुकानांकडे रवाना केलेल्या मालाच्या हिशोबातून. गिऱ्हाइकाने पिशवीत घालून घरी नेलेल्या प्रती वेगळ्या. रेकॉर्डींचा धंदा परतीच्या बोलीवर चाले. न खपलेला माल दुकानदार परत पाठवू शके. परत आलेल्या आणि गोदामात साचलेल्या रेकॉर्डींच्या वेष्टनाचा कोपरा कापत किंवा त्याला भोक पाडत आणि तो माल पडत्या भावात फुंकून टाकत. अशा कोपरा कापलेल्या प्रतीवर गायकाला बहुधा रॉयल्टी मिळत नसे. घरी नेऊन ती झिजेपर्यंत ऐकणारा श्रोता मात्र इतर कुठल्याही श्रोत्याइतकाच खरा.

साप्ताहिक क्रमवारीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत साप्ताहिकाची अल्बमची यादी कित्येक वर्षं दुकानांना विचारून बनत असे. या आठवड्यात काय जोरात आहे, असं विचारायचं आणि दुकानातला माणूस आठवेल तो क्रम सांगायचा. २५ मे १९९१ पासून ही यादी साउंडस्कॅन पद्धतीने, म्हणजे गल्ल्यावर वाचल्या गेलेल्या बारकोडच्या आधारे बनू लागली. महिन्याभरात एन. डब्ल्यू. ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स यांचा कंट्री अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, जे कंट्री संगीताच्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं. अमेरिकेची आवड त्या उन्हाळ्यात अचानक बदलली नव्हती. मोजणाऱ्याच्या आठवणीत जे संगीत बसत नव्हतं, ते यंत्राने मोजल्यावर दिसू लागलं. आधीची कित्येक वर्षं ज्या गायकांना ‘क्रमवारीत नाही’ म्हणून मागे ठेवलं गेलं, त्यांच्यावर झालेला अन्याय नंतर कुणी दुरुस्त करत बसलं नाही.

आणि १९७० चा ‘कोल्ड फॅक्ट’ तर या सुधारणेच्याही २१ वर्षं आधीचा.

ऑस्ट्रेलिया, जो चित्रपटात नाही

रॉड्रिगेझ यांची कथा जगाला कळली ती मलिक बेंजेलुल यांच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या २०१२ च्या माहितीपटातून. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गलबलून आलं होतं. नंतर वाचताना कळलं की त्यात ऑस्ट्रेलियाचं प्रकरण गाळलं आहे, आणि माझी निराशा झाली.

ऑस्ट्रेलियात घडलं ते असं. ‘कोल्ड फॅक्ट’च्या आयात प्रती सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हातोहात गेल्या आणि मिळेनाशा झाल्या. मागणी राहिली. ब्लू गूज म्युझिक या कंपनीने हक्क घेतले, अल्बम पुन्हा काढले, निवडक गाण्यांचा एक संग्रहही काढला. १९७९ मध्ये रॉड्रिगेझ यांना दौऱ्यावर बोलावलं. ज्या माणसाला आपल्या गावातल्या बारमध्ये मोजके लोक ऐकत, तो तिथे भरलेल्या सभागृहांत गायला. त्या दौऱ्यातला प्रत्यक्ष मैफलीचा अल्बमही निघाला. नाव ठेवलं ‘अलाइव्ह’, कारण गायक मेला अशी अफवा तोवर फिरू लागली होती. १९८१ मध्ये मिडनाइट ऑइल या तिथल्या नामांकित गटाबरोबर ते पुन्हा गेले. त्यानंतर ते परत डेट्रॉइटला, परत अंगमेहनतीला.

हा भाग गाळल्याने कथा अधिक सुंदर झाली असेल, पण या प्रश्नाच्या दृष्टीने ती लंगडी झाली. कारण ऑस्ट्रेलियात खपाच्या आकड्याने आपलं काम चोख केलं होतं. तिथल्या कंपनीने आकडा पाहिला, मागणी ओळखली, गायकाला शोधलं, विमानात बसवून आणलं, मंच दिला. आकडा, कंपनी आणि गायक हे तिघं एका धाग्यात असले की खप उपयोगाचा ठरतो, हे इथे दिसतं. दक्षिण आफ्रिकेत हाच धागा तुटलेला होता.

दक्षिण आफ्रिका

सत्तरच्या दशकातला हा देश वर्णभेदाच्या राजवटीत होता. दूरचित्रवाणी तिथे १९७६ मध्ये आली, इतका कारभार बंदिस्त. रेडिओ सरकारी नियंत्रणाखाली. ‘शुगर मॅन’ हे अमली पदार्थांबद्दलचं गाणं प्रसारणातून बाद ठरवलं गेलं होतं, आणि नभोवाणीच्या संग्रहातल्या तबकडीवर ते गाणं वाजूच नये म्हणून त्या पट्ट्यावर मुद्दाम ओरखडे काढलेले माहितीपटात दिसतात. बाहेरचं जग बहिष्कार घालून होतं, त्यामुळे परदेशी गायक येत नव्हते आणि त्यांच्याबद्दलची खात्रीची बातमीही येत नव्हती.

अशा वातावरणात ‘कोल्ड फॅक्ट’ हातोहाती पसरला. गोऱ्या तरुणांना सैन्यात सक्तीची सेवा करावी लागे. तिथे कॅसेटवर उतरवून घेतलेली ही गाणी एका बराकीतून दुसऱ्या बराकीत गेली. व्यवस्थेविरुद्ध उघडपणे गाता येतं, हेच अनेकांना त्यातून पहिल्यांदा कळलं. पुढे १९८९ मध्ये आफ्रिकान्स भाषेत राजवटीविरुद्ध गाणाऱ्यांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यातल्या गायकांनी हे ऋण मान्य केलं आहे.

कॅसेटचा मुद्दा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या तालुक्याच्या गावी कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी लिहून दिली की दोन दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट मिळायची. आमच्या घरातली निम्मी नाट्यगीतं अशीच आलेली होती. कोरी कॅसेट आणि भरण्याची मजुरी, बस. मूळ रेकॉर्ड एक, तिच्या पोटातून निघालेल्या कॅसेटी शेकडो. गायकाच्या कंपनीच्या हिशोबात त्या घरांपैकी एकही घर नाही. माझी आई ज्या गाण्यांवर रडली, त्या गाण्यांच्या खपात ती मोजलीच गेली नाही.

दक्षिण आफ्रिकेत या अल्बमच्या सुमारे ५ लाख प्रती गेल्या, असा अंदाज माहितीपटात ऐकू येतो. तो आकडा तंतोतंत धरू नये. त्यात अधिकृत माल किती, नक्कल किती, हे तिथलं कुणीही ठामपणे सांगत नाही. पण मोठा म्हणून जो आकडा येतो तोही एक गोष्ट झाकतो: हा श्रोतृवर्ग बहुतांशी गोरा होता. देशातली बहुसंख्य काळी जनता याच काळात आपली वेगळी गाणी गात होती आणि तिच्या दृष्टीने रॉड्रिगेझ हे नाव मोठं नव्हतं. खप किती हे कळल्यावर खप कुणात, हा प्रश्न तसाच उरतो. ‘अख्ख्या देशाचा लाडका’ असं म्हणताना माहितीपटही जरा घाई करतो असं मला वाटतं.

गायकाबद्दल मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. वेष्टनावर काळा चष्मा घालून मांडी घातलेला एक माणूस आणि गीतकार म्हणून भलतीच नावं. त्याने मंचावर स्वतःला पेटवून घेतलं, त्याने गोळी झाडून घेतली, अशा कहाण्या लोक एकमेकांना खात्रीने सांगत. मेलेल्या माणसाच्या रेकॉर्डी विकत घेत आहोत, असं समजून लोक त्या विकत घेत होते.

पैसा आणि शब्द

आता हिशोबाच्या मुख्य गाठीपाशी येऊ. परदेशात रेकॉर्ड काढायची तर स्थानिक कंपनी मूळ कंपनीकडून परवाना घेते, विक्रीचा ठरलेला भाग मूळ कंपनीला पाठवते आणि मूळ कंपनी त्यातून गायकाला देते. दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्यांच्या माणसांचं म्हणणं, आम्ही रॉयल्टी ससेक्सकडे पाठवली. ससेक्स तर १९७५ मध्येच बंद पडली होती. अव्हंट यांना माहितीपटात हा प्रश्न विचारल्यावर ते चिडले. एका जुन्या करारापेक्षा मोठ्या गोष्टी आयुष्यात आहेत, असा त्यांचा सूर होता. रॉड्रिगेझ यांच्यापर्यंत त्या विक्रीतून काही पोहोचलं नाही, हे त्यांच्या घरच्यांनी सांगितलं आहे.

गाण्यांची मालकी हा आणखी एक गुंता. त्यांचा १९६६ चा एक जुना गीतलेखन करार गोम्बा म्युझिक या हॅरी बाल्क यांच्या कंपनीशी होता. ‘कोल्ड फॅक्ट’वर गाण्यांचं श्रेय रॉड्रिगेझ यांच्या नेहमीच्या नावाने न देता टोपणनावांनी दिलं गेलं. माहितीपट गाजल्यावर, २०१४ मध्ये, गोम्बाने अव्हंट यांच्यावर मिशिगनच्या संघीय न्यायालयात दावा लावला: ही नावं आमच्यापासून मालकी लपवण्यासाठी वापरली गेली, असा आरोप. म्हणजे ज्या रेकॉर्डी एकेकाळी सहा खपल्या असं म्हटलं जायचं, त्यांच्या खपावर हक्क कुणाचा, यावर कंपन्या कोर्टात भांडू लागल्या.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अडवून ठेवणारी गोष्ट शोधाची आहे. १९९६ मध्ये दुसऱ्या अल्बमची सीडी दक्षिण आफ्रिकेत निघाली. तिच्या पुस्तिकेत केपटाऊनचे रेकॉर्डींचे जाणकार स्टीफन सेगरमन यांनी विचारलं की हा माणूस कोण, कुठे आहे, कुणी शोधून काढेल का. क्रेग बार्थोलोम्यू स्ट्राइडम या पत्रकाराने ते आव्हान घेतलं. त्याने आधी सगळ्यात समंजस मार्ग धरला: पैशांचा माग. रेकॉर्ड विकली गेली म्हणजे पैसे कुठेतरी गेले, पैसे गेले तिथे माणूस असणार. तो माग अमेरिकेत जाऊन आटला. मग त्याने गाण्यांचे शब्द पुन्हा ऐकायला घेतले, त्यातली गावांची नावं टिपली. एका गाण्यात डिअरबॉर्न हे नाव होतं. नकाशात पाहिलं तर ते डेट्रॉइटला लागून. तिथून माइक थिओडोर यांचा पत्ता लागला आणि कळलं की गायक जिवंत आहे. त्याच सुमारास सेगरमन यांनी इंटरनेटवर टाकलेली विचारणा रॉड्रिगेझ यांच्या मुलीच्या, इव्हाच्या, नजरेला पडली.

५ लाख प्रतींच्या हिशोबाची वाट गायकापर्यंत गेली नाही, आणि एका ओळीतल्या गावाच्या नावाची वाट गेली. खप हे मोजमाप म्हणून किती विश्वासाचं, यावर मी ज्या ज्या चर्चा ऐकल्या त्यांत हा प्रसंग कुणी पुढे ठेवला नाही. मला तर तोच मूळ पुरावा वाटतो. गाण्याचा आणि गाणाऱ्याचा संबंध शब्दांत टिकून होता. वहीत तो कधीच पुसला गेला होता.

तीन सीलबंद प्रती

इथे केसरबाई केरकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉएजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर भारतातून एकच गाणं आहे: केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने ती सुचवली आणि तिच्या जागी दुसरं काही घ्यायला तो तयार होईना. अडचण ही होती की रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती. दुकानामागून दुकानं पालथी घातल्यावर तबकडीचं काम पाहणाऱ्या अ‍ॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. टेबलाखाली धूळ खात पडलेल्या तपकिरी खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती.

म्हणजे त्या शहरापुरती मोजणी केली तर केसरबाई हा न उठलेला माल. इकडे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ मध्ये आणि पद्मभूषण १९६९ मध्ये मिळालेलं होतं. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं ते साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मैफली तारीखवार सांगत. त्यांचं गाणं तासभर उलगडणारं, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावणार. तिच्यात त्यांच्या गाण्याचा एक कोपराच उतरला. त्या कोपऱ्याच्या खपाने त्यांना जोखायचं तरी कसं? ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉएजर-१ उडालं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये, रॉड्रिगेझ यांचा माहितीपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

ही दोन प्रकरणं एकसारखी नाहीत. केसरबाईंना आपल्या श्रोत्यांचा मान डोळ्यांसमोर मिळाला. रॉड्रिगेझ यांना दक्षिण आफ्रिकेत तो २५ वर्षं उशिरा मिळाला. आणि उशिराची भरपाई होत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. माहितीपटाच्या भरात आपण म्हणतो, शेवटी न्याय झाला. जो माणूस तिशीत आणखी पाच अल्बम करू शकला असता, त्याने तिशी-चाळिशी पाठीवर सामान वाहत घालवली. तिसरा स्टुडिओ अल्बम कधी झालाच नाही. डिसेंबर १९७१ मधल्या त्या आकड्याने यश मोजलं की नाही यावर वाद घालता येईल. पण पुढची गाणी त्याने थांबवली यावर वाद नाही. खपाचा आकडा केवळ मोजपट्टी असता तर चुकीचा असूनही फारसं बिघडलं नसतं. तो दार उघडतो आणि बंद करतो, म्हणून त्याच्या चुकीची किंमत मोठी.

या काळात ते स्वतः खचून बसले होते असंही नाही. १९७६ मध्ये सरकारी लिलावात त्यांनी डेट्रॉइटमधलं एक मोडकळीला आलेलं घर ५० डॉलरना घेतलं आणि चार दशकं तिथेच राहिले. १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. शहराच्या निवडणुका लढवल्या, हरले. मुलींना ग्रंथालयं आणि संग्रहालयं दाखवत फिरवलं. पाडकामावर जाताना ते व्यवस्थित कपडे करून येत, असं त्यांचे सोबतचे कामगार सांगतात. नंतर पैसा आला तेव्हा त्यातला बराच नातलगांत आणि मित्रांत वाटून टाकला. फेब्रुवारी २०१३ मध्ये माहितीपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा ते समारंभाला गेले नव्हते. चित्रपट करणाऱ्यांच्या आनंदात वाटेकरी व्हायला नको, असं त्यांना वाटलं. बातमी आली तेव्हा ते झोपलेले होते. मुलीने फोन करून सांगितलं. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते गेले.

आता पुन्हा मार्च १९९८ मध्ये, केपटाऊनला. बेलव्हिलच्या व्हेलोड्रोममध्ये हजारो लोक जमलेले. ते मंचावर आले आणि गर्दीने इतका वेळ जल्लोष केला की पहिलं गाणं सुरूच होईना. प्रेक्षकांना सगळे शब्द पाठ होते. हा मेलेला माणूस खरंच तोच आहे का, अशी शंका घेऊन आलेलेही पहिल्या ओळीला निवले. त्या दौऱ्यात सहा कार्यक्रम झाले आणि सगळी तिकिटं संपली. कार्यक्रमानंतर सही घ्यायला रांग लागली. त्यांनी एकेकाशी बोलत, प्रत्येकाचं नाव विचारत, सगळ्यांना सह्या दिल्या.